वाटेत आजारी पडल्यास मालकाला काय, केव्हा आणि कसे कळवावे: पुण्यातील ट्रकचालकांसाठी मार्गदर्शन

पुणे परिसरातून रोज रस्त्याने बाहेर पडणारा माल एका जातीचा नसतो. चाकण आणि भोसरीतून वाहनांचे सुटे भाग निघतात, नारायणगावहून टोमॅटो निघतो, आणि न्हावा शेवाच्या बंदराकडे निर्यातीचे कंटेनर जातात. चालक आजारी पडून गाडी वाटेत थांबली, की नुकसान प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेळी सुरू होते. सुट्या भागांची गाडी चुकली तर कारखान्याची लाईन थांबू शकते, टोमॅटो बाजाराच्या वेळेनंतर पोहोचला तर त्याचा भाव पडतो, आणि कंटेनर बंदराच्या गेटवर ठरलेल्या वेळेत पोहोचला नाही तर त्याचे जहाज निघून जाते. म्हणूनच 'गाडीला उशीर होईल' एवढा निरोप ऑफिसच्या फारसा उपयोगाचा नसतो. किती उशीर होईल, गाडी कोठे उभी आहे आणि मालाची अवस्था काय आहे, हे कळले तरच तिथला माणूस काही हालचाल करू शकतो.

या विषयात दोन निर्णय असतात आणि त्यांची गल्लत झाली की भांडण होते. आपल्याला गाडी चालवता येईल की नाही, हा निर्णय चालकाचा. मालाचे पुढे काय करायचे, म्हणजे बदली चालक पाठवायचा, माल दुसऱ्या गाडीत भरायचा की पार्टीकडून (माल पाठवणाऱ्या किंवा घेणाऱ्या ग्राहकाकडून) वेळ वाढवून घ्यायची, हा निर्णय मालकाचा. चालक अंगात ताप असताना 'बघू, पोचेन हळूहळू' म्हणत दोन्ही निर्णय स्वतःच घेतो, किंवा मालक फोनवरून दोन्ही निर्णय घेऊ पाहतो. या दोन्ही प्रकारांत उशीर वाढतो आणि अपघाताची शक्यताही वाढते. पुढील सर्व सूचना या विभागणीवर आधारलेल्या आहेत.

आधी गाडी, मग फोन

बरे वाटत नसल्याची जाणीव झाल्यावर पहिले काम गाडी सुरक्षित जागी उभी करण्याचे आहे. चालत्या गाडीत फोन हातात धरून बोलणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात मोडते, आणि चक्कर येत असताना तर तो विचारही करू नये. पेट्रोल पंप, टोलनाक्यानंतरची मोकळी जागा, ओळखीचा ढाबा किंवा ट्रक टर्मिनल यांपैकी जे जवळ असेल ते निवडावे. द्रुतगती मार्गावर कडेच्या पट्टीत गाडी उभी करणे शक्यतो टाळावे. तशी वेळ आलीच तर इंडिकेटर चालू ठेवून मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवावा आणि स्वतः गाडीत न बसता कठड्यापलीकडे थांबावे.

जागा निवडताना पुढच्या रस्त्याचाही विचार करावा. साताऱ्याकडून पुण्यात येताना नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार जड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. अंगात कणकण किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल तर तो उतार लागण्याआधीच, म्हणजे शिरवळ किंवा खेड शिवापूरच्या परिसरात थांबावे. 'आता पुणे आलेच' हा विचार चालकाला पुढे ढकलतो. खंबाटकी घाट आणि खंडाळ्याचा घाट यांनाही हाच नियम लागू आहे: घाटाच्या आधी थांबता येते, घाटात थांबणे अवघड असते.

छातीत दुखणे, डावा हात किंवा जबडा भरून येणे, दरदरून घाम सुटणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काही होत असेल तर मालकाच्या आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी फोन करावा. ११२ हा सर्व आपत्कालीन सेवांचा क्रमांक आहे आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. अशा वेळी मालकाला क्लीनर, पंपावरचा माणूस किंवा ढाबेवाला कळवू शकतो. त्यासाठी ऑफिसचे, मालकाचे आणि घरचे क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून केबिनमध्ये डॅशबोर्डजवळ चिकटवलेले असावेत, कारण मोबाईल लॉक असेल तर इतरांना त्यातले काहीच सापडत नाही.

चालवायचे की नाही

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८६ नुसार, आपल्याला असा आजार आहे की ज्यामुळे आपले वाहन चालवणे लोकांना धोकादायक ठरेल, हे माहीत असूनही जो वाहन चालवतो तो गुन्हा करतो. पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम फार मोठी नाही, पण कलम १८८ सुद्धा वाचण्यासारखे आहे. कलम १८४, १८५ किंवा १८६ खालील गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. म्हणजेच आजारी असल्याचे सांगणाऱ्या चालकाला 'तरी चालव' म्हणणारा माणूसही कायद्याच्या कक्षेत येतो. हे कलम मालकाच्या तोंडावर फेकण्याची गरज बहुधा पडत नाही, मात्र दोघांनाही ते माहीत असलेले बरे.

औषधांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. सर्दी-खोकल्याच्या अनेक गोळ्यांमध्ये आणि सिरपमध्ये झोप आणणारे घटक असतात, आणि 'गोळी घेतली, आता निघतो' म्हणणारा चालक कधीकधी आजारापेक्षा त्या गोळीमुळे धोक्यात येतो. मेडिकलमधून औषध घेताना आपण जड वाहन चालवतो हे आधी सांगावे आणि गोळीने झोप येते का हे विचारावे. झोप येत असेल तर ती गोळी घेतल्यानंतरचा विश्रांतीचा वेळही ऑफिसला कळवायच्या उशिरात धरावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने उलट्या होत असताना, पोटात अन्न नसताना गाडी चालवू नये, कारण साखर अचानक उतरल्यावर सावध होण्याइतकाही वेळ मिळत नाही.

पहिला फोन

पहिला फोन लवकर करावा, आजाराचे निदान होईपर्यंत थांबू नये. डॉक्टर काय म्हणतील ते कळल्यावरच फोन करू, असा विचार स्वाभाविक आहे, पण त्यात ऑफिसचे दोन-तीन तास जातात, आणि बदली चालक पुण्याहून निघणार असेल तर तेच तास मोलाचे असतात. आजाराचे नाव नंतर सांगितले तरी चालते. गाडी थांबली आहे ही बातमी मात्र थांबू शकत नाही.

फोनवर बोलण्याचा क्रम ठरवून घ्यावा: गाडी कोणती आणि कोठे उभी आहे, आपल्याला चालवता येईल की नाही, माल आणि कागद (बिल्टी म्हणजे वाहतूकदाराची पावती, आणि बिल) कसे आहेत, गाडीजवळ कोण आहे, आणि आपण पुढचा फोन किती वाजता करणार. आजाराचे वर्णन एका वाक्यात पुरते. साताऱ्याकडून येणारा चालक असे बोलू शकेल:

'शेठ, नमस्कार. मी सत्तेचाळीस बारा नंबरची गाडी घेऊन खेड शिवापूर टोलनाक्याच्या अलीकडे, पंपावर उभा आहे. पहाटेपासून उलट्या-जुलाब होतायत आणि आता चक्कर येते. मला गाडी पुढे नेता येणार नाही. माल व्यवस्थित आहे, ताडपत्री आणि दोर जागेवर आहेत, बिल्टी आणि बिल माझ्याकडे आहे. क्लीनर गाडीतच थांबलाय. मी इथल्या दवाखान्यात जातोय आणि साडेअकराला परत फोन करतो. पार्टीला कळवा आणि ई-वे बिलाचं तुम्ही बघून घ्या.'

या बोलण्यात माफी नाही आणि तक्रारही नाही. 'चालवता येणार नाही' हे वाक्य स्पष्ट आहे. 'जरा बरं नाही, बघतो' असे म्हटले तर मुनशी (ऑफिसमधला कारकून) ते 'येतोय' असे ऐकतो आणि पार्टीलाही तसेच सांगतो. दुसरे म्हणजे पुढच्या फोनची वेळ दिलेली आहे. ती वेळ दिल्यामुळे ऑफिस मधल्या काळात पंधरा फोन करत नाही आणि चालकाला सलाईन लावलेले असताना फोन वाजत राहत नाही. ठरलेल्या वेळी सांगण्यासारखे नवे काही नसले तरी फोन करावाच.

समोरून 'पुणं आलंच की, हळूहळू ये' असे उत्तर आल्यास आवाज न चढवता कारण सांगून पर्याय द्यावा: 'शेठ, बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत उतार आहे, चक्कर येत असताना मी तो उतरणार नाही. बदली माणूस पाठवा, मी चावी त्याच्या हातात देतो.' नकारासोबत पर्याय दिला की बोलणे पुढे सरकते.

फोननंतर लगेच तोच मजकूर थोडक्यात लिहून पाठवावा, सोबत लोकेशन आणि उभ्या गाडीचा फोटो जोडावा. व्हॉइस मेसेज सोयीचा असला तरी नंतर वेळ शोधताना तो ऐकत बसावा लागतो, शिवाय ऑफिसमधल्या माणसाला तो तसाच पुढे पार्टीला पाठवणे सोयीचे नसते. मिस्ड कॉल देऊन 'मी कळवलं होतं' असे म्हणणे कोणी मान्य करत नाही, आणि ते योग्यच आहे. रेंज नसेल तर एसएमएस पाठवून ठेवावा, कमकुवत सिग्नलवर तो बहुतेकदा पोहोचतो. मालक फोन उचलत नसल्यास मुनशी, नंतर गाडी लावून देणारा दलाल, असा क्रम नोकरीवर रुजू होतानाच विचारून ठेवावा.

ई-वे बिलाची मुदत

आजारपणाच्या उशिरात सर्वांत सहज विसरली जाणारी आणि सर्वांत महागात पडणारी गोष्ट ही आहे. ई-वे बिल म्हणजे जीएसटीखाली मालाच्या वाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढलेले ऑनलाईन बिल. सामान्य मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी मोजली जाते. पुणे ते बंगळूर हे सुमारे ८४० किलोमीटरचे अंतर असल्याने तिथे पाच दिवस मिळतात आणि एका दिवसाचे आजारपण त्यात सामावून जाते. खरी ओढाताण जवळच्या फेऱ्यांवर होते. सोमवारी दुपारी चाकणहून नाशिकसाठी निघालेल्या गाडीचे अंतर २०० किलोमीटरच्या आत असते, तेव्हा तिच्या बिलाची मुदत मंगळवारी मध्यरात्री संपते. चालक सोमवारी रात्री नारायणगावात तापाने पडला आणि मंगळवार दवाखान्यात गेला, तर बुधवारी सकाळी बदली चालकाच्या हाती गाडीबरोबर मुदत संपलेले बिल येते.

ही मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या ८ तास आधीपासून संपल्यानंतर ८ तासांपर्यंतच. वरच्या उदाहरणात मंगळवारी दुपारी ४ ते बुधवारी सकाळी ८ एवढीच ती संधी आहे. हे काम पोर्टलवर ट्रान्सपोर्टरला करावे लागते आणि त्यासाठी त्याला मुदतवाढीचे कारण, गाडी उभी असलेल्या ठिकाणाचे नाव, पिनकोड आणि उरलेले अंतर भरावे लागते. म्हणून चालकाने लोकेशनसोबत गावाचे नाव आणि पिनकोड पाठवावा. दुकानांच्या पाट्यांवर किंवा दवाखान्याच्या केसपेपरवर तो सापडतो. मुदत वाढवल्याचा संदेश किंवा प्रत मिळेपर्यंत गाडी हलवू नये. मुदत संपलेल्या बिलावर माल पकडला गेला तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली गाडी आणि माल अडवला जातो, आणि करपात्र मालाच्या मालकाने पुढे येऊन तो सोडवून घ्यायचा तर कराच्या २०० टक्के दंड भरावा लागतो. तो प्रसंग आजारपणापेक्षा कितीतरी मोठा असतो.

केवळ चालक बदलला तर ई-वे बिलात काही बदल करावा लागत नाही, कारण त्यात गाडीचा क्रमांक असतो, चालकाचे नाव नसते. माल दुसऱ्या गाडीत भरला तर मात्र ई-वे बिलाच्या भाग 'ब' मध्ये (गाडीच्या तपशिलाच्या भागात) नव्या गाडीचा क्रमांक नोंदवल्याशिवाय ती गाडी निघू नये.

गाडी दुसऱ्याच्या हाती देताना

क्लीनरला 'एवढा टप्पा तू ने' असे सांगण्याचा मोह आवरावा. त्याच्याकडे त्या वर्गाचा वैध परवाना नसेल तर परवाना नसलेल्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकावर कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी कारवाई होऊ शकते, आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अडचणी उभ्या राहतात. रसायने, गॅस किंवा इंधन अशा धोकादायक मालाच्या गाडीसाठी बदली चालकाच्या परवान्यावर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९ प्रमाणे प्रशिक्षणाची नोंद आहे का, हे ऑफिसने त्याला पाठवण्याआधी पाहावे.

बदली चालक आल्यावर किलोमीटरचे वाचन, डिझेलची पातळी, फास्टॅगमधील शिल्लक, टायर, सील, ताडपत्री आणि उरलेला रोख ॲडव्हान्स यांची नोंद दोघांनी मिळून करावी आणि तिचा फोटो ऑफिसला पाठवावा. थंड मालाची गाडी असेल तर त्या क्षणीचे तापमान दाखवणाऱ्या डिस्प्लेचाही फोटो घ्यावा. हे केले नाही तर आठवड्याने डिझेलचा हिशेब लागत नाही आणि त्याचा संशय आजारी माणसावर येतो.

पार्टीला कोणी सांगायचे

पार्टीला ऑफिसने सांगावे, चालकाने नव्हे. चालकाने दिलेली वेळ वेगळी आणि ऑफिसने दिलेली वेळ वेगळी, असे झाले की गाडी पोहोचण्याआधीच विश्वास संपतो. माल घेणाऱ्याचा फोन थेट चालकाला आला तर 'आजारी असल्यामुळे गाडी थांबली आहे, पुढची वेळ ऑफिस कळवेल' इतकेच नम्रपणे सांगावे.

ऑफिसनेही पार्टीला खोटे कारण देऊ नये. 'घाटात ट्रॅफिक आहे' असे सांगणाऱ्या मुनशीला आजकाल जीपीएस उघडे पाडतो, कारण बहुतेक मोठ्या कारखान्यांना गाडी कोठे किती वेळ उभी आहे ते दिसत असते. पार्टीला सांगण्याच्या वेळेत बदली चालकाचा प्रवास, गाडी ताब्यात घेण्याचा वेळ आणि शहरातील जड वाहनांची बंदीची वेळ धरलेली असावी. बदली चालकाचे नाव आणि परवान्याचा फोटो कारखान्याच्या गेटवर आधीच पोहोचवला, तर पोहोचलेली गाडी बाहेर तिष्ठत राहत नाही.

डॉक्टरांचा कागद आणि खासगी बाबी

तपासणी झाल्यावर तारीख, वेळ, किती दिवस विश्रांती हवी याचा सल्ला, तसेच डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेला कागद घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा सरकारी रुग्णालयाचा केसपेपरही पुरेसा असतो. औषधांची बिलेही जपावीत. न पाहता तारीख टाकून मिळणारी प्रमाणपत्रे घेऊ नयेत. त्यांच्यामुळे पुढच्या खऱ्या आजारपणावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

हा कागद मालकाला किंवा मुनशीला स्वतंत्रपणे पाठवावा, चालकांच्या ग्रुपवर टाकू नये. मालकाला जाणण्याची गरज आहे ती चालक किती दिवस चालवू शकणार नाही याची. संसर्गजन्य आजार असेल तर केबिनमध्ये सोबत झोपणाऱ्या क्लीनरच्या आणि गाडी घेणाऱ्या बदली चालकाच्या काळजीपोटी ते सांगणे आवश्यक आहे. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे: स्वतःच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती माहिती उघड करण्याची सक्ती कोणावर करता येत नाही.

आस्थापनेत दहा किंवा अधिक कामगार असून ती ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजनेखाली येत असेल आणि चालकाचा पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर वर्गणीच्या अटी पूर्ण झाल्यावर आजारपणाच्या काळात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. पुण्यात बिबवेवाडी आणि चिंचवड येथे ईएसआयची रुग्णालये आहेत. बाहेरगावी आजारी पडलेल्याने तिथले कागद सांभाळून ठेवावेत आणि परतल्यावर विनाविलंब आपल्या ईएसआय दवाखान्यात दाखवावेत.

पगार, भत्ता आणि पोहोच

फेरी अर्धवट राहिल्यावर भत्ता कोणाला किती, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी तोंडीच मिटवला जातो आणि म्हणूनच पुन्हा पुन्हा उकरला जातो. पार केलेल्या किलोमीटरप्रमाणे वाटणी हा साधा मार्ग आहे. ती ठरली की मेसेजमध्ये लिहून घ्यावी. गैरहजर राहिलेल्या काळाच्या प्रमाणापेक्षा जास्त पगार कापता येत नाही. 'तुझ्यामुळे पार्टीने दंड लावला' म्हणून नुकसानभरपाई कापायची असेल, तर ते नुकसान थेट चालकाच्या हलगर्जीपणामुळे झाले असले पाहिजे आणि आधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. वेळेवर केलेला फोन, लोकेशन आणि केसपेपर यांचा इथे प्रत्यक्ष उपयोग होतो.

माल खाली करताना घेणारा पोहोचपावतीवर उशिराचा शेरा लिहितो, त्याला बदली चालकाने आक्षेप घेऊ नये. मात्र गाडी गेटवर आल्याची वेळ आणि माल प्रत्यक्ष खाली झाल्याची वेळ दोन्ही लिहून घ्याव्यात, नाहीतर गेटबाहेर गेलेले तास आजारपणाच्या खात्यावर टाकले जातात आणि हॉल्टिंगचे (गाडी खोळंबून राहिल्याबद्दलचे) पैसे बुडतात. माल सुस्थितीत मिळाला असेल तर तेही त्याच पावतीवर नोंदवण्याची विनंती करावी आणि पावतीचा फोटो मूळ चालकालाही पाठवावा. कामावर परतताना, विशेषतः चक्कर, फिट, हृदयविकार किंवा शस्त्रक्रियेनंतर, जड वाहन चालवण्यास तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरांचा स्पष्ट उल्लेख असलेला कागद ऑफिसात द्यावा आणि पहिली फेरी जवळची मागून घ्यावी.